तळ्याची भूक
(एका वाचनालयाच्या वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



ज्या बाईंच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते, त्या श्रावणात आम्हा मुलींना याच इमारतीच्या मागच्या ओसरीवर गोळा करायच्या आणि कहाण्या सांगायच्या. शिळासप्तमीची कहाणी इथल्या बहुतेकांना ठाऊक असेल. राजानं गाव वसवलं, गावाशेजारी तळं खणलं, पण काही केल्या तळ्याला पाणी लागेना. जळदेवतांनी सांगितलं, सुनेच्या थोरल्या मुलाचा बळी दे. राजाला माहीत होतं की सून हे कबूल करणार नाही. म्हणून त्यानं तिला माहेरी धाडलं आणि मूल ठेवून घेतलं. चांगला दिवस पाहून पोराला न्हाऊमाखू घातलं, जेवू घातलं, दागिने चढवले आणि पलंगावर निजवून तळ्यात नेऊन ठेवलं. तळं भरलं. पुढे सून भावाबरोबर सासरी निघाली ती नेमकी सप्तमीच्या दिवशी. भरलेलं तळं पाहून थांबली, काकडीच्या पानावर दहीभात ठेवून तिनं पूजा केली. पाण्यात उभी असताना मागून कोणी तरी पाय ओढला. पाहते तर तिचंच लेकरू.

आम्ही सगळ्या खूश व्हायचो. बाई मात्र कहाणी सुफळ संपूर्ण झाली की डोळ्यांवरचा चष्मा काढून विचारायच्या, "ते सगळं ठीक आहे गं, पण सुनेला विचारलं कोणी?"

या प्रश्नाचं उत्तर आम्हाला तेव्हा देता यायचं नाही. आजही मी ते द्यायला आलेली नाही. पण पुढे कॉलेजात इंग्रजी शिकवू लागले, तेव्हा आफ्रिकी कथांच्या एका जुन्या संग्रहात हीच गोष्ट मला पुन्हा भेटली. तळं तेच, दुष्काळ तोच, बळीची मागणीही तीच. फक्त या वेळी गोष्ट सांगणारी एक नर्स होती, आणि तिनं शेवट बदलला होता. तिच्याविषयी, आणि ती ज्या तळ्याकाठची त्या तळ्याकाठच्या लिहिणाऱ्या बायकांविषयी आज बोलायचं आहे.

आधी ते तळं. आपण त्याला व्हिक्टोरिया सरोवर म्हणतो. क्षेत्रफळ सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपला कोकण विभाग दोनदा त्यात मावेल आणि वर जागा उरेल. गोड्या पाण्याच्या तळ्यांत विस्तारानं त्याच्यापुढे एकच, अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरचं सुपीरियर. विस्तार एवढा असूनही खोली बेताची, सरासरी ४० मीटरच्या आसपास. त्यामुळे वारा उठला की पाणी लगेच खवळतं आणि लहान होड्यांची दैना होते. टांझानिया, युगांडा आणि केनिया या तीन देशांत ते वाटलेलं आहे. केनियाच्या वाट्याला त्यातलं जेमतेम सहा टक्के येतं. गंमत म्हणजे आज मी ज्या बायकांविषयी बोलणार आहे त्यातल्या बहुतेक या सहा टक्क्यांच्या काठावरच्या.

जॉन हॅनिंग स्पीक हा इंग्रज १८५८ च्या ऑगस्टमध्ये दक्षिण काठावर पोहोचला, त्यानं पाणी पाहिलं आणि आपल्या राणीचं नाव त्याला देऊन टाकलं. काठावरच्या लोकांकडे नावं आधीच होती. युगांडातले गांडा लोक त्याला नालुबाले म्हणतात. लुबाले म्हणजे त्यांच्या देवता. पूर्व काठावरचे लुओ लोक म्हणतात नाम लोल्वे. त्यांच्या धोलुओ भाषेत 'नाम' म्हणजे मोठं पाणी, तळं. मला हा शब्द पहिल्यांदा कळला तेव्हा उगाच बरं वाटलं. ज्याचं नाव इंग्रजांनी पुसलं त्याचं स्वतःचं नावच मुळी 'नाम'. अर्थात हा आपल्या कानाचा खेळ आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही.

लुओ मूळचे नाईलच्या वरच्या खोऱ्यातले. काही शतकांपूर्वी ते गुरं घेऊन सरकत सरकत या काठावर आले, आणि गुराख्यांचे हळूहळू कोळी झाले. १९०१ साली मोंबासाहून निघालेली रेल्वे या काठाला येऊन भिडली. त्या ठिकाणचं आजचं शहर किसुमू. ही रेल्वे बांधायला हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले होते, त्यातले अडीच हजारांच्या आसपास तिथंच मेले. त्यांच्यामागून दुकानदार गेले, कारकून गेले, गोव्याचे कितीतरी लोक सरकारी कचेऱ्यांत गेले. कंपालात जन्मलेल्या, गोव्याच्या मुळाच्या पीटर नाझरेथ यांची 'इन अ ब्राऊन मँटल' ही कादंबरी १९७२ ची. ईदी अमीननं युगांडातून आशियाई लोकांना हाकललं तेही त्याच वर्षी. आपला आणि या तळ्याचा संबंध एवढा तरी आहे. पण ती पुरुषांची आणि कचेऱ्यांची कथा झाली. मला काठाकडे यायचं आहे.

तळ्यावर होडी पुरुषाची. बाईनं होडीत चढू नये, चढली तर मासळी पळते, हा संकेत तिथं फार जुना. बाईचा प्रांत काठ. होडी लागली की मासळी उतरवायची, साफ करायची, वाळवायची, टोपली डोक्यावर घेऊन बाजार गाठायचा. कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्यांना हे वेगळं समजावायला नको. नवरा दर्यावर आणि बायको बाजारात, ही आपल्या कोळीवाड्यांचीही वाटणी. तिथली ओमेना नावाची बोटभर चंदेरी मासळी रात्री दिव्यांच्या उजेडावर पकडतात आणि सकाळी काठभर पसरून सुकवतात. तिचा फोटो पाहिला की आपल्या सुकटीचा वास नाकात येतो.

तर या काठावरच्या आसेंबो भागात १९३० साली ग्रेस ओगोट जन्मल्या. वडील शिकलेले, मिशनचे, शिक्षक. आजी गोष्टी सांगणारी. घरात सकाळी बायबल आणि रात्री आजी, असं दुहेरी शिक्षण झालं. पुढे युगांडात नर्सिंग शिकल्या, मग इंग्लंडला गेल्या, तिथं बीबीसीच्या आफ्रिकेसाठीच्या कार्यक्रमांचं लेखन आणि निवेदन केलं. पुढे एका इतिहासकाराशी लग्न झालं. त्यांचे यजमान बेथवेल ओगोट यांनी लुओंच्या मौखिक इतिहासावर केलेलं काम आजही पायाभूत मानतात. नवरा पुराव्यासाठी म्हाताऱ्यांना बोलतं करतोय आणि बायको त्याच म्हाताऱ्यांच्या गोष्टींतून कथा काढतेय, असं ते घर असणार. मला त्या घरातली जेवणाच्या वेळची बोलणी ऐकायला फार आवडली असती.

१९६२ साली कंपालाच्या मकेरेरे विद्यापीठात आफ्रिकी लेखकांची एक परिषद भरली. चिनुआ अचेबे होते, वोले सोयिंका होते, तेव्हा विद्यार्थी असलेले न्गुगी होते. बायका अगदी थोड्या. ओगोट यांनी तिथं एक कथा वाचली. मांडलेल्या पुस्तकांत पूर्व आफ्रिकेतलं काहीच नाही हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते त्यांना लागलं. १९६५ मध्ये तबान लो लियोंग या कवी-समीक्षकानं पूर्व आफ्रिकेच्या साहित्यिक वांझपणाविषयी जाहीर तक्रार केली. पृथ्वीवरच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गोड्या पाण्याच्या तळ्याकाठी वाळवंट! आणि शब्द तरी कोणता, वांझपणा. कादंबऱ्या पुरुषांनी लिहिल्या नाहीत तरी दोष गर्भाशयाचाच.

परिषदेत वाचलेली ती कथा दुसऱ्या वर्षी 'ब्लॅक ऑर्फियस' या नियतकालिकात छापून आली आणि नंतर 'द रेन केम' या रूपात जगभरच्या संग्रहांत गेली. हीच ती मला भेटलेली शिळासप्तमी.

पाऊस नाही. गुरं मरताहेत. मुखिया लाबोंगो याला पर्जन्याचा जाणता सांगतो, पूर्वजांची इच्छा आहे की तळ्यातल्या राक्षसाला एक मुलगी द्यावी. ती मुलगी म्हणजे मुखियाची एकुलती एक लेक ओगांदा. घरची माणसं झोपडीत जमून कुजबुजताहेत आणि बाहेर बसलेली ओगांदा समजते की आपल्या लग्नाचं चाललंय. कोण असेल, हा की तो, असा ती मनात अंदाज बांधतेय. ओगोट यांच्या हाताची सगळी ताकद मला या प्रसंगात दिसते. बोहल्याची तयारी आणि बळीची तयारी बाहेरून अगदी सारखी दिसते, हे त्या कुठंही बोलून दाखवत नाहीत. नटवणं तेच, पाहुण्यांची गर्दी तीच, मुलीला मध्ये बसवून सगळ्यांनी तिच्याकडे पाहणंही तेच.

मग गावभर नाचगाणं होतं, मोठ्या मानाची गोष्ट म्हणून. दुसऱ्या दिवशी मुलगी एकटी निघते. सूर्य मावळायच्या आत तळं गाठायचं. कहाणीतल्या पोराला निदान झोपेत नेलं होतं. हिला स्वतःच्या पायांनी जायचं आहे.

तिचा प्रियकर ओसिंदा मागून येतो. पूर्वजांच्या नजरेतून आणि राक्षसाच्या कोपातून लपता यावं म्हणून त्यानं पानांची वस्त्रं बनवून आणली आहेत. दोघं पळतात. आणि मग पाऊस येतो, धो धो.

आपल्या कहाणीत बळी दिला म्हणून पाणी आलं आणि मग दैवानं उदार होऊन मूल परत केलं. ओगोटबाईंच्या कथेत बळी पोहोचलाच नाही, तरी पाऊस आला. म्हणजे पावसाचा आणि बळीचा संबंध होता की नव्हता? लेखिका काही बोलत नाही. पूर्वज फसले म्हणावं, तर फसलेले पूर्वज पाऊस कसा पाठवतील? गावाला तर कधीच कळणार नाही. गाव म्हणेल, मुलगी दिली, पाऊस आला. पुढच्या दुष्काळात पुन्हा मुलगी देईल. कथा ओगांदाला वाचवते, पण तिच्यामागून येणाऱ्या मुलींना वाचवत नाही. समीक्षकांनी या कथेला प्रेमाचा विजय वगैरे म्हटलेलं मी वाचलं आहे. माझं तसं मत नाही.

या कथा घेऊन ओगोट एका सरकारी प्रकाशन खात्याकडे गेल्या, तेव्हा तिथल्या व्यवस्थापकाला कळेना की एक चांगली ख्रिस्ती बाई बळींच्या आणि मांत्रिकांच्या गोष्टी कशाला लिहिते. हा प्रसंग त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितला आहे. आपल्याकडच्या संपादकांचे चेहरे डोळ्यांपुढे आणा, फारसा फरक दिसणार नाही.

१९६६ साली त्यांची 'द प्रॉमिस्ड लँड' आली. पूर्व आफ्रिकेतल्या स्त्रीनं इंग्रजीत लिहिलेली पहिली कादंबरी म्हणून तिची नोंद होते. त्याच वर्षी खंडाच्या दुसऱ्या टोकाला, नायजेरियात, फ्लोरा न्वापा यांची 'एफुरू' आली. न्वापा ओगुटा गावच्या, आणि ओगुटाला एक तळं आहे. व्हिक्टोरियाच्या मानानं अगदी चिमुकलं, पण त्यात उहामिरी नावाची देवी राहते. ती आपल्या उपासक बायकांना रूप देते, धन देते, मूल मात्र देत नाही. एफुरू ही व्यापारात हुशार, दोनदा नवऱ्याकडून दुखावलेली बाई शेवटी या देवीची होते. दोन पहिल्या कादंबऱ्या, एकाच वर्षीच्या, आणि दोन्ही तळ्याकाठच्या बायकांच्या. हा योगायोग मला नेहमी चकवतो. याच्यावर सिद्धान्त उभा करायचा मोह होतो, पण करणार नाही. एवढंच म्हणते की आपल्याकडेही नदीकाठी आणि तळ्याकाठी आसरा असतात, त्यांना खण-नारळ वाहतात आणि त्यांना घाबरतातही. पाण्यातल्या बाईला मूल नसतं, ही कल्पना आपल्यालाही फार लांबची नाही.

'द प्रॉमिस्ड लँड'मध्ये न्यापोल आणि ओचोला हे नवं जोडपं आहे. नवऱ्याला तळ्यापल्याड टांगानिकात, आजच्या टांझानियात, सुपीक जमीन मिळणार असं कळतं. न्यापोलला जायचं नाही. ती म्हणते, भांडते आणि शेवटी जाते. तिथं भरभराट होते, शेजारच्या मांत्रिकाला असूया वाटते, आणि ओचोलाच्या सगळ्या अंगावर काट्यांसारखे चामखीळ उगवतात. इस्पितळाला ते जमत नाही, दुसऱ्या मांत्रिकाला जमतं. पण जिवंत राहायचं तर हे सगळं सोडून जा, ही अट. दोघं रिकाम्या हातांनी परत.

शिक्षण नर्सचं, आणि कादंबरीत इस्पितळ हरतं! यावर त्या काळी बरीच टीका झाली. न्यापोल नवऱ्याच्या मागून मुकाट जाते म्हणून स्त्रीवादी नाराज, आणि मांत्रिक जिंकतो म्हणून पुरोगामी नाराज. कादंबरी म्हणून ती थोडी विस्कळीत आहेच, मधला भाग रेंगाळतो. पण न्यापोल मुकाट जाते असं मला वाटत नाही. पूर्ण पुस्तकभर तिचा नकार खालून वाहत असतो. पैसा आला तरी तिला ते घर आपलं वाटत नाही. आपल्या पिढ्यान्पिढ्यांच्या बायका नवऱ्याची बदली झाली की ट्रंक भरून निघाल्या. त्यांच्या मनात काय होतं ते कोणी लिहून ठेवलं असतं, तर ते बहुधा न्यापोलच्या जवळपासचं निघालं असतं.

आता 'प्रादेशिक' या शब्दाकडे येते, कारण आजच्या विषयपत्रिकेत तो आहे. मराठीत प्रादेशिक कादंबरी म्हटलं की 'गारंबीचा बापू' आठवतो, 'बनगरवाडी' आठवते. बाईचं नाव चटकन ओठांवर येत नाही. आपण प्रदेश म्हणतो तेव्हा माती, डोंगर, पाऊस, बोली हे सगळं मोजतो. पण त्या मातीवर कोणाचं नाव लागलंय हे पाहत नाही. बाईला जन्मतः एक गाव असतं आणि लग्नानंतर दुसरं. तिचा प्रदेश कोणता धरायचा? लुओंमध्येही मुलगी लग्नानंतर दुसऱ्या कुळाच्या गावी जाते. म्हणून तिथल्या बायकांच्या लेखनात गावापेक्षा काठ महत्त्वाचा ठरतो असं मला दिसतं. गाव बदललं तरी तळं तेच राहतं. माहेरच्या काठावरून आणि सासरच्या काठावरून दिसणारं पाणी एकच असतं.

मार्गारेट ओगोला यांच्या 'द रिव्हर अँड द सोर्स'मध्ये हे दिसतं. त्या बालरोगतज्ज्ञ होत्या, एचआयव्हीग्रस्त अनाथ मुलांच्या आश्रमात काम करत होत्या, आणि आईकडून ऐकलेल्या घराण्याच्या हकिकतींवर त्यांनी ही कादंबरी लिहिली. १९९४ साली ती आली, दुसऱ्या वर्षी तिला राष्ट्रकुलाचं आफ्रिका विभागाचं पहिल्या पुस्तकाचं पारितोषिक मिळालं आणि पुढे केनियातल्या शाळांत ती पाठ्यपुस्तक झाली. तळ्याकाठच्या मुखियाची मुलगी अकोको हिच्यापासून गोष्ट सुरू होते. नवरा जातो, मुलगा जातो, दीर सगळं बळकावतो. ती रडत बसत नाही. उठते आणि इंग्रजांच्या कचेरीत दाद मागायला किसुमूला निघते. आपल्याकडच्या वृंदावनी विधवांच्या करुण कथा वाचून वाढलेल्या मला अकोको भेटली तेव्हा फार आनंद झाला होता. ती कज्जेदलाल आहे, हट्टी आहे, आणि लेखिकेनं त्याबद्दल तिला कुठंही शिक्षा केलेली नाही.

आता ज्यांच्याविषयी बोलल्याशिवाय मला इथून उतरायचं नाही त्या बाई. आसेनाथ बोले ओडागा. जन्म १९३७, मृत्यू २०१४. नैरोबी विद्यापीठात त्यांनी लोककथांचा अभ्यास केला, शाळांसाठी मौखिक वाङ्मयाचं पाठ्यपुस्तक सहलेखनातून तयार केलं, मुलांसाठी पुष्कळ लिहिलं. आणि मग १९८२ साली राजधानी सोडून किसुमूत स्वतःचं प्रकाशन काढलं. नाव ठेवलं 'लेक पब्लिशर्स', म्हणजे तळे प्रकाशन! जोडीला पुस्तकांचं दुकान, 'थू तिंदा'.

थू तिंदा म्हणजे काय, ते सांगते. लुओ घरांत मुली रात्री एका म्हातारीच्या झोपडीत निजायला जात. त्या झोपडीला सिविंधे म्हणतात, आणि तिथल्या म्हातारीला पिम. तिथं त्यांना गोष्टी, कोडी, गाणी आणि संसाराबद्दलचं सगळं शहाणपण आणि चावटपण मिळायचं. गोष्ट संपली की सांगणारा म्हणतो, थू तिंदा. मग आपण झाडाएवढं उंच वाढावं अशी इच्छा बोलायची. आपली कहाणी साठा उत्तरांवरून पाचांवर येऊन संपते, त्यांची झाडावर चढून संपते. बाईंनी दुकानाला हे नाव दिलं, म्हणजे गिऱ्हाईक पुस्तक घेऊन बाहेर पडलं की गोष्ट सांगून झाली.

त्या सिविंधेची रीत आता जवळजवळ गेली. मुली शाळेत गेल्या, वसतिगृहात गेल्या. ओडागांच्या डोक्यात प्रश्न साधा होता: म्हातारीची झोपडी गेली तर तिच्या जागी काय येणार? त्यांनी उत्तर म्हणून दुकान काढलं. धोलुओत पुस्तकं छापली, धोलुओ-इंग्रजी शब्दकोशाचं काम केलं. अशा भाषेत पुस्तकं विकणं म्हणजे काय ते या वाचनालयाच्या चिटणीसांना विचारा. मराठी बोलणारे कोट्यवधी आहेत, आणि तरी आपल्या पुस्तकांची पहिली आवृत्ती संपता संपत नाही. धोलुओ बोलणारे चाळीस-पन्नास लाखच.

स्थानिक भाषेत लिहिण्याची किंमत या तळ्यावर एका पुरुषानं कशी मोजली ते मध्येच सांगते. तळ्यातल्या उकेरेवे बेटावर अनिसेती कितेरेझा यांनी आपल्या किकेरेवे भाषेत एक मोठी कादंबरी लिहून पूर्ण केली, १९४५ साली. मूल होत नाही म्हणून सगळं गाव जिला टोचतं त्या बायकोची आणि तिच्यावर जीव असलेल्या नवऱ्याची ती कथा. त्या भाषेत छापायला कोणी तयार नव्हतं. शेवटी म्हातारपणी त्यांनी स्वतःच ती स्वाहिलीत उतरवली, आणि ते पुस्तक छापून हातात यायच्या आतच १९८१ मध्ये ते वारले. साडेतीन दशकं.

ग्रेस ओगोटही ऐंशीच्या दशकात धोलुओकडे वळल्या. 'बेर वात', 'मिआहा', 'सिंबी न्यायमा' ही त्यांची त्या भाषेतली पुस्तकं. त्याच दशकात त्या संसदेत गेल्या, सहायक मंत्रीही झाल्या. इंग्रजीत नाव झालेली, मंत्रिपदावर पोहोचलेली बाई काठावरच्या माणसांच्या भाषेत लिहायला बसते, हे मला मोठं वाटतं. 'मिआहा' पुढे इंग्रजीत 'द स्ट्रेंज ब्राइड' म्हणून आली. 'सिंबी न्यायमा' हे नाव केंडू उपसागराजवळच्या एका विवरतळ्याचं. दंतकथा अशी, की गावात मेजवानी चालली होती, एक म्हातारी आसरा मागत आली, नशेत असलेल्यांनी तिला हाकललं, आणि रात्रीत सगळं गाव पाण्याखाली गेलं. लुओ गोष्टींतलं पाणी म्हातारीचा अपमान सहन करत नाही.

लुओंची न्यामगोंधोची गोष्ट तर याहून तिखट. ओडागाबाईंनी ती धोलुओत लिहून छापली. न्यामगोंधो हा गरीब कोळी. एके दिवशी मासळीऐवजी त्याला पाण्यातून एक कुरूप, एका डोळ्याची म्हातारी मिळते. तो तिला घरी आणतो आणि तिच्यामागून तळ्यातून गुरंच गुरं बाहेर येतात. न्यामगोंधो श्रीमंत होतो, आणखी बायका करतो, पितो, आणि एका रात्री नशेत म्हातारीला नको ते बोलतो. ती उठते आणि तळ्याकडे चालू लागते. तिच्यामागे सगळी गुरं, एकामागून एक, पाण्यात. न्यामगोंधो काठावर काठी टेकून पाहत राहतो, आणि पाहता पाहता त्याचं झाड होतं. ती जागा आजही दाखवतात.

ही गोष्ट जुनी. पण १९८० नंतर तळ्यावर जे झालं ते पाहिलं की कोणी आत्ता रचली असावी असं वाटतं. पन्नाशीच्या दशकात इंग्रज अधिकाऱ्यांच्या काळात तळ्यात नाईल पर्च नावाचा मोठा मासा सोडला गेला. लुओ त्याला म्बुता म्हणतात. त्यानं तळ्यातल्या शेकडो जातींच्या छोट्या माशांचा फडशा पाडला. ऐंशीच्या दशकात म्बुता इतका वाढला की काठावर कारखाने उभे राहिले आणि त्याचे तुकडे गोठवून युरोपला जाऊ लागले. तळ्यातून गुरं निघाली म्हणा ना. पण टोपलीत म्बुता कसा मावणार? मोठी मासळी थेट कारखान्याच्या गाडीत जाऊ लागली आणि बाजारातल्या बायकांच्या वाट्याला डोकी, सांगाडे आणि ओमेना उरली. पुढे १९९० च्या सुमारास जलपर्णी आली. आपल्या इंद्रायणी-पंचगंगेवर पाहतो तीच. किसुमूच्या खाडीत तिनं होड्याच अडकवून ठेवल्या.

मासळी कमी, विकत घेणाऱ्या बायका जास्त. मग होडीवाल्यांकडून रोजची मासळी हमखास मिळावी म्हणून बाईनं पैशांखेरीज शरीरही द्यायचं, अशी रीत पडली. तिला तिथं जाबोया म्हणतात. तळ्याकाठच्या जिल्ह्यांत एचआयव्ही इतका का पसरला त्यात या रीतीचा मोठा वाटा आहे, असं आरोग्याचं काम करणारे सांगतात. २०११ पासून काही गावांत बायकांनी गट करून स्वतःच्या होड्या घेतल्या, पुरुष पगारावर ठेवले आणि जाबोयाला नाही म्हटलं. थोडा काळ बरं चाललं. काही होड्या नादुरुस्त झाल्या, आणि २०२० साली तळ्याचं पाणी विक्रमी चढलं तेव्हा काठची घरंही बुडाली.

ओगांदाला आता राक्षसाची भीती नाही. राक्षस पाण्यात राहत नाही, होडीत बसून काठाला येतो. पण हे माझे शब्द. जाबोयाचं दुःख आतून सांगणारी, ओगोटबाईंच्या तोडीची कथा माझ्या वाचनात अजून आलेली नाही. अहवाल मात्र भरपूर वाचले. अहवालात बाईला नाव नसतं, ती टक्केवारीत असते.

ग्रेस ओगोट २०१५ मध्ये गेल्या. त्याआधी तीन वर्षं त्यांचं आत्मचरित्र किसुमूतूनच प्रकाशित झालं. नैरोबी नाही, लंडन नाही. पुस्तक तळ्याच्या काठावरून हललं नाही.

वेळ होत आला, चिटणीस घड्याळ पाहताहेत. 'द रेन केम'मधला एक प्रसंग सांगायचा राहिला. ओगांदा तळ्याकडे निघाली आहे, बघ्यांच्या गर्दीतून एक मोठ्या डोळ्यांचं लहान मूल पुढे येतं. त्याच्या घामेजल्या मुठीत एक छोटंसं कानातलं आहे. ते म्हणतं, तू मेलेल्यांच्या गावी पोहोचलीस की हे माझ्या बहिणीला दे, ती गेल्या आठवड्यात वारली, हे न्यायचं विसरली. ओगांदा ते कानातलं घेते आणि आपल्याजवळचं पाणी आणि खाणं त्या मुलाला देऊन टाकते.

बाईंना मी ही कथा एकदा वाचून दाखवली होती, अगदी शेवटी शेवटी, त्यांना नीट दिसत नव्हतं तेव्हा. ओगांदा वाचली, पाऊस आला, कथा संपली. बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आणि ते कानातलं गं? ते तिच्याकडेच राहिलं का?"